बालाघाटची जुनी छायाचित्रे : गावे दिसतात, माणसांची नावे हरवतात

इंग्लंडमधील एखाद्या लहानशा गावाचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे छायाचित्र पाहिले, तर त्यात बहुधा एक रस्ता, चर्चचे शिखर, दोन-चार दुकाने आणि कॅमेऱ्याकडे कुतूहलाने पाहणारी काही मुले दिसतात. चित्रात विलक्षण असे काहीच नसते. तरीही त्या गावाशी नाते असलेला माणूस त्यावर दीर्घकाळ रेंगाळतो. हे दुकान पुढे कोणाकडे गेले, ही भिंत कधी पडली, या मुलांपैकी आपल्या आजोबांच्या वयाचा कोण असेल, असे प्रश्न त्याच्या मनात उमटू लागतात. ब्रिटनमध्ये या स्मरणरंजनाला एका मोठ्या संग्रहाचा आधार लाभला आहे. त्याच ब्रिटिशांनी भारतात जी लहान जिल्हानगरे वसवली, त्यांच्या वाट्याला मात्र असा संग्रह आला नाही. मध्य प्रदेशातील बालाघाट हे अशा नगरांपैकी एक. तिथली जुनी छायाचित्रे पाहू लागले की ती कोणी काढली, कशासाठी काढली आणि त्यांतील माणसांचे पुढे काय झाले, हे प्रश्न एकामागून एक समोर येतात.

गोव्यातील वाचकाला बालाघाट दूरचे वाटेल. परंतु महाराष्ट्राच्या सीमेबाहेर मराठी बोलली, वाचली आणि जपली जाते असे जे प्रदेश आहेत, त्यांत गोव्याप्रमाणेच बालाघाटचाही समावेश होतो. परकीय सत्तेने काढलेली चित्रे, खनिज वाहून नेणारी रेल्वे आणि घरोघरच्या पेट्यांत पडून असलेले अल्बम हेही दोन्हीकडचे समान संचित आहे. म्हणून बालाघाटचा हा शोध गोव्यालाही उपयोगी पडणारा आहे.

किराणा व्यापाऱ्याने जपलेली गावे

ब्रिटनमधील ज्या संग्रहाचा वर उल्लेख केला, तो फ्रान्सिस फ्रिथ यांच्या नावाने ओळखला जातो. १८२२ मध्ये जन्मलेले फ्रिथ लिव्हरपूलमध्ये घाऊक किराणा व्यापारात होते. व्यापारातून बाहेर पडल्यावर त्यांनी १८५६ ते १८६० या काळात इजिप्त आणि पॅलेस्टाईन येथे प्रवास करून छायाचित्रे काढली आणि नाव मिळवले. त्यानंतर रायगेट येथे आपली कंपनी स्थापून त्यांनी मायदेशातील गावांकडे मोर्चा वळवला. त्या काळात रेल्वेचे जाळे पसरत होते. १८७१ च्या कायद्याने बँकांना ठरावीक सुट्ट्या मिळाल्या आणि एका दिवसाच्या सहलीला जाण्याची प्रथा रूढ होऊ लागली. सहलीला गेलेल्या माणसाला घरी नेण्यासाठी त्या गावाचे चित्र हवे असे. पुढे १९०२ मध्ये पोस्टकार्डाच्या एका बाजूस पत्ता आणि मजकूर दोन्ही लिहिण्याची मुभा मिळाली. दुसरी बाजू संपूर्णपणे चित्रासाठी मोकळी झाली आणि चित्रकार्डांचा धंदा भरभराटीस आला.

फ्रिथ यांच्या छायाचित्रकारांनी आणि वारसांनी सुमारे ७,००० शहरे, नगरे आणि खेडी टिपली. गिऱ्हाईक होते म्हणून अगदी लहान गावालाही स्वतःचे चित्र मिळाले. १९७१ मध्ये कंपनी बंद पडली, तेव्हा हा सारा ठेवा नष्ट होण्याच्या मार्गावर होता. जाणकारांच्या धडपडीमुळे तो वाचला. नंतरच्या काळात सामान्य माणसांकडून त्या त्या गावाच्या आठवणी मागवल्या गेल्या आणि चित्रांखाली त्या जोडल्या जाऊ लागल्या. कोणी शाळेची घंटा आठवली, कोणी बेकरीचा वास, तर कोणी युद्धात गेलेला शेजारी. विक्रीसाठी काढलेल्या चित्रांना अशा रीतीने माणसांची नावे मिळाली. हा दुसरा टप्पा फार महत्त्वाचा आहे. चित्र गावाचे रूप सांगते, पण ते गाव कोणाचे होते हे आठवणीवाचून कळत नाही.

जंगलाच्या काठावरचे जिल्हानगर

बालाघाट या नावाचा अर्थ ‘घाटांच्या वरचा प्रदेश’. मराठवाड्यातील बालाघाटची डोंगररांग मराठी वाचकाच्या परिचयाची असते. वैनगंगेच्या काठचे हे बालाघाट वेगळे. ब्रिटिश कागदपत्रांत या गावाचे जुने नाव बुऱ्हा असे आढळते. सातपुड्याच्या मैकल रांगांना टेकलेला हा मुलूख आधी गोंड राजांच्या आणि नंतर नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निधन पावले आणि त्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. मंडला, सिवनी आणि भंडारा जिल्ह्यांचे भाग एकत्र करून १८६७ पासून बालाघाट जिल्ह्याची जुळणी सुरू झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी परसवाड्याच्या पठारावर लछमन नाईक यांनी पहिली गावे वसवली, असे गॅझेटिअरची परंपरा सांगते. पुढे जिल्ह्याचे पहिले उपायुक्त ब्लूमफिल्ड यांनी वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार शेतकऱ्यांना बैहरच्या पठारावर येऊन स्थिरावण्यास उत्तेजन दिले. पोवार धानशेतीत वाकबगार होते. पाणी अडवून तळी बांधणे आणि रोवणी करणे हे त्यांचे पिढीजात कौशल्य. पठारावरचे मूळ रहिवासी मात्र गोंड आणि बैगा होते, आणि त्यांच्या जंगलाचा बराचसा भाग याच काळात सरकारी राखीव वन होऊ लागला. शेताचा विस्तार आणि जंगलाची हद्दबंदी या दोन घटना एकाच वेळी घडल्या. बालाघाटच्या जुन्या चित्रांकडे पाहताना हा संदर्भ लक्षात ठेवावा लागतो.

जिल्ह्याचे मुख्य ठिकाण कितीसे मोठे होते? १९०१ च्या जनगणनेत बालाघाट गावाची लोकसंख्या अवघी ६,२२३ होती. कचेरी, तुरुंग, दवाखाना, शाळा, बाजार आणि साहेबांचे बंगले एवढे जमले की जिल्हानगर उभे राही. मध्य प्रांतातील अशी नगरे एकमेकांसारखीच दिसत. देशी वस्तीपासून अंतर राखून सरळ रस्त्यांची ‘सिव्हिल लाइन्स’ आखलेली असे. आंब्याची वा चिंचेची झाडे दुतर्फा असत, आणि कौलारू बंगल्याला खोल पडवी असे. ब्रिटिश अधिकाऱ्याला मायदेशातील गावाची आठवण जपायची होती, परंतु ऊन आणि पाऊस वैनगंगेच्या खोऱ्याचा होता. त्या दोहोंच्या तडजोडीतून ही घरे आकाराला आली.

चित्र कोणी काढले आणि कशासाठी?

फ्रिथ यांच्यासारखा छायाचित्रकार बालाघाटला येण्याचे कारणच नव्हते. १८६३ च्या सुमारास सुरू झालेली बोर्न अँड शेफर्ड किंवा राजा दीनदयाळ यांच्यासारखे नामवंत छायाचित्रकार राजवाडे, प्राचीन वास्तू, थंड हवेची ठिकाणे आणि मोठी शहरे यांकडे वळत. मध्य प्रांतात साहेबांचा उन्हाळा पचमढीत जाई. जंगलाच्या काठावरच्या सहा हजार वस्तीच्या गावाचे चित्र विकत घेणारे गिऱ्हाईक नव्हते. त्यामुळे बालाघाट परिसराची जी जुनी छायाचित्रे निघाली, ती मुख्यत्वे चार कामांसाठी निघाली : लोकांची वर्गवारी, खाण, रेल्वे आणि वन.

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेला मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी तो सिद्ध केला. त्यात बालाघाट जिल्ह्यातील एका बैगा गावाचे छायाचित्र आहे. त्याच्या खाली एवढेच लिहिले आहे : बैगांचे गाव, बालाघाट जिल्हा. गावाचे नाव त्या ओळीत नाही आणि माणसांची नावे असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ग्रंथ मौलिक आहे. हिरालाल यांच्यासारख्या व्यासंगी भारतीय विद्वानाचे परिश्रम त्यात आहेत आणि आजही अभ्यासकाला त्यावाचून पुढे जाता येत नाही. तथापि त्या काळच्या पद्धतीत माणूस हा जमातीचा नमुना होता. चित्रातील व्यक्ती कोण होती याची नोंद घ्यावी, असे त्या पद्धतीला वाटतच नव्हते.

पुढे १९३९ मध्ये व्हेरिअर एल्विन यांचा बैगांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. एल्विन शेजारच्या मंडला जिल्ह्यात वस्ती करून राहिले होते. त्यांच्या लेखनात बैगा माणसे स्वतःच्या आयुष्याविषयी बोलताना भेटतात. धरणीमातेच्या छातीवर नांगर चालवू नये ही बैगांची श्रद्धा, जंगल जाळून राखेत बी पेरण्याची ‘बेवर’ शेती आणि त्या शेतीवर आलेली सरकारी बंदी, हे सारे तेथे माणसांच्या तोंडून कळते. तेवीस वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन ग्रंथ शेजारी ठेवले, की नुसते चित्र आणि आठवणीसह आलेले चित्र यांतील फरक ध्यानात येतो.

दुसरा विषय खाणीचा. बालाघाट शहराला लागून असलेली भरवेलीची मँगनीज खाण आज ‘मॉयल’ या सार्वजनिक कंपनीकडे आहे. तिची मुळे १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश कंपनीपर्यंत पोचतात. पोलाद बनवण्यासाठी मँगनीज लागते आणि पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काळात जगाला ते पुरवणाऱ्या प्रमुख देशांत भारत होता. भूगर्भशास्त्रज्ञ एल. एल. फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा मध्य प्रांतातील खाणी त्याच्या केंद्रस्थानी होत्या. खाणीच्या जुन्या चित्रांत पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली टेकडी दिसते आणि तिच्यावर मुंग्यांसारखी माणसे. खनिज फोडणे, वेचणे आणि टोपलीतून वाहून नेणे या कामात स्त्रियांचा वाटा मोठा होता. छायाचित्रकाराचे लक्ष खडकाच्या थराकडे असे. टेकडीचा आकार कळावा म्हणून माणसे तेथे उभी केलेली असत. गोव्याच्या खाणपट्ट्यातील जुन्या चित्रांतही टोपली घेतलेल्या स्त्रीचे स्थान याहून फारसे वेगळे आढळणार नाही.

‘छोटी लाइन’ आणि तिचा निरोप

तिसरा विषय रेल्वेचा आणि बालाघाटकरांच्या स्मरणात सर्वांत खोल रुतलेला. बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया, बालाघाट, नैनपूर आणि जबलपूर यांना जोडणारा अडीच फूट रुंदीचा नॅरोगेज मार्ग विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत टाकला. १९०५ च्या सुमारास गाडी जबलपूरपर्यंत धावू लागली. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीत घडवलेली वाफेची इंजिने या परिवारातील मार्गांवर चालली. लोकांच्या तोंडी या मार्गाचे नाव ‘छोटी लाइन’. लहान डबे, समोरासमोर गुडघे टेकतील अशा बैठका, चढावर दम लागल्यासारखी मंदावणारी गती आणि खिडकीतून हाताला लागेल इतके जवळ आलेले जंगल, ही त्या प्रवासाची सर्वांना ठाऊक असलेली लक्षणे.

ब्रिटनमध्ये रेल्वेने पर्यटक गावात आणला आणि त्यातून गावाची चित्रे निघाली. बालाघाटच्या रेल्वेने लाकूड, धान्य आणि खनिज गावाबाहेर नेले. तिथे चित्र काढले गेले ते पुलाचे, यार्डाचे आणि इंजिनाचे. गंमत अशी, की वाफेचे युग ब्रिटनमध्ये संपल्यावर तेथील रेल्वेप्रेमी भारतातील नॅरोगेज मार्गांकडे वळले. आपल्या देशात नामशेष झालेली, आपल्याच कारखान्यांत घडलेली इंजिने येथे अजून धूर सोडत आहेत, याचे त्यांना अप्रूप वाटे. त्यांच्या चित्रांमुळे या मार्गांचे अखेरचे वाफेचे पर्व टिपले गेले, हे मान्य केले पाहिजे. त्यांचे स्मरणरंजन इंजिनाभोवती फिरत होते. फलाटावर जांभळे आणि सीताफळे विकणाऱ्या बायका, डब्याच्या दारात दुधाचे कॅन टांगणारे गवळी, परीक्षेला निघालेली मुले ही त्या चित्रांची पार्श्वभूमी होती.

गोंदिया-बालाघाट हा सुमारे चाळीस किलोमीटरचा टप्पा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद झाला. बालाघाटपासून नैनपूर आणि जबलपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाड्या २०१५ मध्ये थांबल्या. पुढे याच दिशेने ब्रॉडगेज मार्ग टाकला गेला. उत्तर आणि दक्षिण भारताला जोडणारा जवळचा रस्ता त्यामुळे खुला झाला, ही मोठी सोय आहे. नागपूरच्या मोतीबाग येथे आणि नैनपूर येथे नॅरोगेजची संग्रहालये आहेत. इंजिने, कंदील, तिकिटांची यंत्रे तेथे जपलेली आहेत. मात्र त्या गाडीने शाळेला गेलेली, लग्नाला गेलेली, माहेरपणाला आलेली पिढी आता म्हातारी होत आहे. तिच्या आठवणींना संग्रहालयात अजून दालन मिळालेले नाही. गोव्यातही दूधसागरावरून जाणारा मीटरगेज मार्ग गेल्या शतकाच्या अखेरीस रुंद झाला. मुरगाव ते कॅसलरॉक हा जुना प्रवास ज्यांना आठवतो, त्यांची संख्या वर्षागणिक घटत आहे.

चौथा विषय जंगलाचा. जेम्स फोर्सिथ यांचे मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक १८७१ मध्ये आले आणि शिकारी साहेबांच्या कल्पनेत या जंगलांनी घर केले. पुढच्या काळात मारलेल्या वाघावर पाय ठेवून उभा असलेला साहेब हे तर एक ठरावीक चित्रच होऊन बसले. मागे ओळीने उभे असलेले हाकेवाले त्यात अस्पष्ट असतात. याच पट्ट्यात १९५५ मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे मुक्की प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यात आहे. वाघ आणि बारशिंगा यांच्या रक्षणासाठी उद्यानातील गावे पुढे हलवण्यात आली. आज पर्यटक ज्या विस्तीर्ण कुरणांत बारशिंग्यांचे कळप पाहतो, त्यांतील काही कुरणे पूर्वीच्या गावांच्या जागी उभी आहेत. बारशिंगा वाचला ही जगाने वाखाणलेली गोष्ट आहे. त्याच कुरणात कोणाची चूल पेटत होती, याचे चित्र मात्र दुर्मीळ आहे.

जे चित्रात येत नाही

जुन्या चित्राचा एक दोष असा, की ते भूतकाळाला नितळ करते. करड्या-तपकिरी रंगात झाडांखालचा रस्ता शांत वाटतो, बैलगाडी संथ वाटते, माणसे समाधानी वाटतात. परंतु १८९१ ते १९०१ या दशकात बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १५ टक्क्यांनी घटली आणि ती ३,२६,५२१ वर आली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला होता. जिल्ह्यातील दर सात माणसांमागे जवळजवळ एक माणूस दहा वर्षांत कमी झाला. साहेबाच्या बंगल्याचे, कचेरीच्या नव्या इमारतीचे चित्र याच वर्षांतले असले, तरी त्यात याचा मागमूस लागत नाही. साहेबांच्या दौऱ्यांसाठी विनामोल राबवली जाणारी बेगार, वनखात्याच्या हद्दीत गुरे गेली म्हणून भरावा लागणारा दंड, खाणीतली धूळ, हेही चित्रात उतरत नाही.

म्हणून ब्रिटिश काळातील नगरांचे स्मरणरंजन करताना विवेक लागतो. जुने सारे सुंदर होते असे म्हणणे जितके भाबडे, तितकेच जुने सारे परक्यांचे होते म्हणून टाकून देणेही अनाठायी. तळी आणि बंधारे, रेल्वे, दवाखाने आणि शाळा यांवर या जिल्ह्याचे नंतरचे जीवन उभे राहिले. त्यासाठी घाम गाळणारी माणसेही याच मातीतली होती.

एका जिल्ह्याच्या आठवणी, चार ठिकाणी

बालाघाटचे स्मरण विखुरले जाण्यास आणखी एक कारण घडले. १९५६ पर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर, भंडारा, चांदा आदी आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळ झाली. वैनगंगेच्या एका काठच्या माणसाची सोयरीक दुसऱ्या काठी असे. त्या नात्यामधून आता राज्याची सीमा गेली. लांजी, वारासिवनी आणि कटंगी या भागांत मराठी, पोवारी आणि हिंदी एकमेकींत सहज मिसळतात. पुष्कळ घरांत आजीची म्हण मराठीत आणि नातवाचे पाठ्यपुस्तक हिंदीत असते.

या घडामोडींचा परिणाम कागदपत्रांवर झाला. मध्य प्रांताच्या सचिवालयाचा जुना दप्तरखाना मुख्यतः नागपूरशी जोडलेला, १९५६ नंतरचा कारभार भोपाळचा, वासाहतिक काळातील ग्रंथ, अल्बम आणि कार्यालयीन चित्रे बव्हंशी लंडनच्या ग्रंथालयात, आणि रेल्वेच्या नोंदी रेल्वेकडे. बालाघाटमधील एखाद्या शिक्षकाला स्वतःच्या गावाचे जुने रूप पाहायचे झाले, तर त्याला चार शहरांची दारे ठोठावावी लागतील. त्यांपैकी एक समुद्रापलीकडे आहे. गोव्याच्या अभ्यासकाला हा अनुभव परिचित आहे. त्यालाही पणजी आणि लिस्बन या दोहोंमध्ये आपला भूतकाळ शोधावा लागतो. गोव्याला एक दिलासा असा, की १८३२ पासूनचे मध्यवर्ती ग्रंथालय पणजीत आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोझा अँड पॉल यांच्यासारख्या स्थानिक छायाचित्रकारांनी येथील रस्ते, चर्चे आणि समारंभ टिपले. बालाघाटला असे जवळचे आधार लाभले नाहीत.

घरातील पेटी हेच दफ्तर

अशा वेळी उरते ती घरातील पेटी. बालाघाट, वारासिवनी वा गोंदिया येथील एखाद्या स्टुडिओत काढलेले लग्नाचे चित्र, शाळेच्या वर्गाचा समूहफोटो, मॅट्रिकच्या निरोपसमारंभाची चौकट, खाणीतल्या निवृत्तीचा हार, छोट्या लाइनच्या डब्यासमोर उभे असलेले वऱ्हाड. या चित्रांत माणूस मध्यभागी आहे. तो कोणत्याही जमातीचा नमुना म्हणून उभा नाही. आपण कसे दिसावे हे त्याने स्वतः ठरवलेले आहे : धुतलेले धोतर, उसना कोट, खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात, मागे रंगवलेला बगिचा. ब्रिटिश काळातील सरकारी चित्रांनी जे दिले नाही, ते या चित्रांत आहे. मात्र त्यांच्या पाठीवरही बहुधा काहीच लिहिलेले नसते. घरात सर्वांना ठाऊक होते, म्हणून कोणी लिहिले नाही. ज्यांना ठाऊक होते ते गेले, की तेही चित्र त्या ग्रंथातील बैगा गावासारखेच अनाम होते.

हे टाळण्यासाठी लागणारे कष्ट फार नाहीत. जुन्या चित्राचा काळ ओळखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. पुठ्ठ्यावर चिकटवलेले, पिवळसर तपकिरी आणि पातळ कागदाचे चित्र बहुधा एकोणिसाव्या शतकातले. १९०० मध्ये कोडॅकचा स्वस्त ब्राउनी कॅमेरा आला, त्यानंतर हौशी चित्रे वाढली. रंग उडून लालसर झालेले रंगीत चित्र सहसा १९७० ते १९९० या काळातले निघते. स्टुडिओचा शिक्का, दुकानाच्या पाटीवरची लिपी, विजेचा खांब, सायकल, रुळांची रुंदी, स्त्रियांच्या लुगड्याची नेसण, या साऱ्यांवरून अंदाज बांधता येतो.

जपणुकीचे नियमही सोपे आहेत. चित्राच्या मागे बॉलपेनने लिहू नये, कारण दाब पुढच्या बाजूस उमटतो. मऊ पेन्सिलीने कडेला हलक्या हाताने लिहावे. चिकटपट्टी वापरू नये, तिचा गोंद कागद खातो. अल्बमची पाने चिकटली असतील तर ओढून सोडवू नयेत. गोव्याच्या आणि वैनगंगेच्या पावसाळ्यात बुरशी हाच मोठा शत्रू असतो. चित्रे भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावीत, वर्षातून एकदा कोरड्या हवेत सावलीत उलगडावीत. मोबाइलवर फोटो काढून ठेवणे काहीच न करण्यापेक्षा चांगले, परंतु ६०० डीपीआयवर स्कॅन केलेली प्रत पुढील पिढीला मोठी करून पाहता येते. मूळ चित्र मात्र टाकू नये.

सर्वांत निकडीचे काम बोलून घेण्याचे आहे. घरातील ज्येष्ठ व्यक्तीसमोर चित्र ठेवावे आणि तिला बोलू द्यावे. चित्रात कोण आहे हे विचारावे, तसेच चित्रात कोण नाही हेही विचारावे. फोटो कोणी काढला, त्याला किती पैसे दिले, त्या दिवशी कशाचा सण होता, गावातील बाजार कोणत्या वारी भरे, गाडी किती वाजता सुटे, दुष्काळाबद्दल थोरल्यांकडून काय ऐकले होते, याची नोंद बोलणाऱ्याच्या बोलीत, तिच्या शब्दांत करावी. पोवारी, गोंडी वा मराठी, जी भाषा तोंडी येईल तीच लिहावी. शाळांनी हे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेतले, नगरपालिकेच्या वाचनालयाने एक कपाट मोकळे केले, तर एका जिल्ह्याचा संग्रह काही वर्षांत उभा राहू शकेल. त्यासाठी लंडनला जाण्याची गरज नाही.

१९०१ मध्ये सहा हजारांच्या वस्तीचे जे गाव होते, त्याच्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार १७ लाखांहून अधिक माणसे राहतात. काली पुतली चौकातून दररोज जाणाऱ्या तरुणाला छोट्या लाइनची शिटी ऐकल्याचे आता आठवणार नाही. ती आठवणारी माणसे अजून घरोघरी आहेत. बालाघाटमध्ये आहेत, तशीच कुळे, सांगे आणि सावर्डे येथेही आहेत. त्यांच्या हातात जुने चित्र देऊन पाठीवर दोन नावे लिहून घ्यायला एक दुपार पुरेशी असते.